सहा महिन्यांपुढच्या बाळाचं पावडरचं दूध : पाणी कोमट की कडक? आणि पाळणाघरात कसं पाठवायचं?

पाऊसवेडी
लेक सात महिन्यांची आहे. सव्वीस आठवड्यांची रजा संपली, ऑफिस सुरू झालं. घर मुलुंडला, ऑफिस फोर्टला. सकाळी आणि रात्री अंगावरचं पाजते, मधल्या वेळात वरण-भात, फळं आणि दोनदा पावडरचं दूध. डबा डॉक्टरांनीच लिहून दिलाय. (पंप का करत नाहीस यावर कृपया नको, ते सगळं करून झालंय.)

घोळ असा आहे. डब्यावर लिहिलंय, पाणी उकळा, कोमट होऊ द्या, मग पावडर घाला. नणंद लंडनला असते, ती म्हणते पाणी ७० अंशांच्या खाली गेलेलं चालतच नाही. सासूबाई म्हणतात ॲक्वागार्डचं पाणी आहे, उकळायचं कशाला. आणि पाळणाघरवाल्या मावशी म्हणतात, सकाळी दोन बाटल्या भरूनच द्या, मी फ्रिजमध्ये ठेवते.

चौघांचं चार. यातलं नक्की काय पाळायचं? नवजात बाळाबद्दल सगळीकडे सापडतं, मोठ्या बाळाबद्दल कोणी धड सांगत नाही.

चहाटळ
रुमाल टाकून जागा धरतेय. आमचं पात्र पुढच्या महिन्यात सहा महिन्यांचं होईल.

नवखा_बाबा
+१. शिवाय आमचा केमिस्ट म्हणतो सहा महिने झाले की २ नंबरचाच डबा लागतो, १ नंबर ‘पुरत नाही’. खरं आहे का?

लॅबकोट
पाऊसवेडी, मी खाद्यपदार्थांच्या मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये काम करते. बाळांची डॉक्टर नाही, त्यामुळे किती पाजायचं वगैरे तुझ्या डॉक्टरांनाच विचार. जंतूंचं तेवढं सांगते.

पावडर निर्जंतुक नसते. डबा सीलबंद असो की महागातला असो, नसतेच. त्यात क्वचित क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू सापडतो, क्वचित साल्मोनेला. कोरड्या पावडरीत ते वाढत नाहीत, पण मरतही नाहीत, महिनोन्‌महिने दबा धरून बसतात. पाणी मिळालं, ऊब मिळाली की कामाला लागतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ) आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना (एफएओ) यांनी २००७ साली मार्गदर्शिका काढली. तिच्यात सांगितलं की पाणी ७० अंशांपेक्षा कमी नको, म्हणजे पावडरीतले जंतू तिथेच मरतात. नणंद सांगते ते तिथलं, ब्रिटनमध्येही हेच सांगतात.

मग डब्यावर कोमट का? काही पावडरींत प्रोबायोटिक घातलेले असतात, ते ७० अंशांना मरतात. काही जीवनसत्त्वं थोडी कमी होतात. आणि घाईत बाळाचं तोंड भाजायची भीती असतेच.

आता वयाचं. क्रोनोबॅक्टरचा जीवघेणा आजार मुख्यतः दोन महिन्यांच्या आतल्या, अपुऱ्या दिवसांच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळांना होतो. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी गरम पाण्याचा आग्रह धरते तो या बाळांसाठीच. तुझी लेक त्यात बसत नाही. तरी मी ७० च वापरीन. एक तर त्याला जास्तीचा खर्च नाही, पाणी तसंही उकळायचंच आहे. आणि साल्मोनेला वय विचारून येत नाही. पण समजा कोणी उकळून कोमट केलेल्या पाण्यात दूध करून लगेच पाजलं, तर सात महिन्यांच्या तब्येतीच्या बाळाबाबत मी आकांडतांडव करणार नाही. मात्र तसं केलेलं दूध साठवायचं नाही, ताबडतोब पाजायचं.

मोठ्या बाळांच्या बाबतीत माझा सगळा जोर दूध तयार झाल्यानंतरच्या दोन तासांवर असतो. आपल्याकडे ऑक्टोबरात स्वयंपाकघरात ३३-३४ अंश सहज असतात. तेवढ्या उबेत काही जंतू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात, आणि ते पावडरीतलेच असायला हवेत असंही नाही. हाताचे, ओट्याच्या फडक्याचे, निपलच्या आतल्या कडेला राहिलेल्या चिकट सायीचे, कोणतेही चालतात. तयार दूध बाहेर असेल तर दोन तासांत संपवायचं. बाळाने तोंड लावलं असेल तर तासाभरात उरलेलं ओतून द्यायचं, कारण लाळ आत गेलेली असते. ते फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा गरम करणं तर नकोच.

गोट्या
सत्तर अंश घरी कसे ओळखायचे ते सांगा. बोट घालून?

लॅबकोट
बोट नको, भाजेल.

एक लिटर पाणी खळखळून उकळलं, गॅस बंद केला, झाकण ठेवलं, तर साधारण अर्ध्या तासाच्या आत ते ७० च्या वर असतं. सगळीकडे लिहिलेला ‘अर्धा तास’ हा एवढ्या पाण्याचा हिशोब आहे. स्टीलच्या लहान पातेल्यात एक बाटलीपुरतं पाणी उकळून अर्धा तास थांबलात तर ते कधीच कोमट झालेलं असतं. कमी पाणी, पसरट भांडं, वर पंखा चालू असेल तर काही मिनिटांतच. थर्मामीटर हवाच असेल तर स्वयंपाकाचा सळईवाला मिळतो. तापाचा वापरू नका, तो एवढं दाखवत नाही.

दूध कालवल्यावर बाटली बंद करून नळाखाली धरायची किंवा गार पाण्याच्या वाडग्यात उभी करायची. वाडग्यातलं पाणी बाटलीच्या झाकणापर्यंत येऊ देऊ नका. मग मनगटावर दोन थेंब टाकून बघायचं. मायक्रोवेव्ह नको, बाटली बाहेरून गार लागते आणि दुधात मध्येच चटका बसेल अशी जागा राहते.

पार्लेकर_आजी
लॅबकोट, सगळं पटलं. पण तुम्ही सगळ्या बाटलीवर का अडून बसलाय? आमच्याकडे बोंडलं होतं, म्हणजे बाळाला पाजायचं चोचीचं छोटं भांडं, चांदीचं नव्हे, साधं स्टीलचं. उकळत्या पाण्यात टाकलं, सांडशीने काढलं, झालं. ना कोपरा, ना निपल, ना तो ब्रश. सात महिन्यांचं पोर बसायला लागलेलं असतं, वाटी-चमच्याने किंवा छोट्या पेल्याने छान पितं. थोडं सांडतं, सांडू दे. नातवाला मी असंच पाजलं, सूनबाईंनी कपाळाला हात लावला होता. (हलकेच घ्या, ती हा धागा वाचते.)

लॅबकोट
आजी, शंभर टक्के अनुमोदन. सरळ कडेचा पेला घासायला बाटलीपेक्षा कितीतरी सोपा. बालरोगतज्ज्ञही वाटी-चमचा किंवा पेलाच सुचवतात.

मीठभाकर
माझी सासू बाटलीत दोन चमचे नाचणीसत्त्व घालते, पोट भरतं म्हणून. आणि दूध खाली यावं म्हणून सुई तापवून निपलचं भोक मोठं करते. मी बोलले की ‘तुझा नवरा असाच वाढला’. यावर कोणाकडे उत्तर आहे का?

पार्लेकर_आजी
आहे. ‘आई, नाचणी वाटीत शिजवून चमच्याने भरवूया, तुम्हीच भरवा.’ मान राहतो आणि काम होतं. बाटलीत घातलं की दूध दाट होतं, पोर गुदमरू शकतं, आणि चावायला-गिळायला शिकायचं वय वाया जातं. भोकाचं मात्र ऐकू नका. निपल नवीन आणा आणि जुनं सरळ कचऱ्यात टाका, समोर ठेवू नका.

पाळणाघरवाली
मी दादरला पाळणाघर चालवते, बरीच वर्षं झाली. पाऊसवेडी, तुमच्या मावशींची बाजूही समजून घ्या. हाताखाली सहा-सात पोरं असताना प्रत्येकाचं दूध ताजं कालवायचं म्हणजे दोन हात कमीच पडतात, म्हणून तयार बाटल्या मागतात. तरी मी तयार बाटल्या घेत नाही. का, ते सांगते.

सकाळी आठला भरलेली बाटली घरून निघते, टॅक्सीत, मग जिन्यात चपला काढेपर्यंत बॅगेत. माझ्याकडे येईस्तोवर ती कोमट असते. मग फ्रिजमध्ये. पाळणाघरातला फ्रिज दिवसभर उघडझाप, दाराच्या कप्प्यात तर गारवा नावालाच. दूध आतपर्यंत गार व्हायला किती वेळ लागतो याचा कोणालाच पत्ता नसतो. आणि दुपारी ते मूल दोन घोट पिऊन झोपलं तर उरलेलं दूध ‘उठल्यावर देते’ म्हणून बाजूला राहतं. राग येतो मला याचा, पण होतं असं.

माझ्याकडची पद्धत अशी. आईने प्रत्येक वेळेची पावडर घरी मोजून, खडखडीत कोरड्या छोट्या डबीत द्यायची. डबीवर मुलाचं नाव आणि ‘इतक्या मिलि पाण्यात’ असं ठसठशीत लिहिलेली पट्टी. उकळलेलं पाणी थर्मासमध्ये. चांगल्या थर्मासमध्ये काठोकाठ भरलेलं पाणी दुपारपर्यंत कडक राहतं, अर्धवट भरला तर लवकर निवतं. रिकामी धुतलेली, उकळलेली बाटली किंवा पेला वेगळा. मी फक्त पाणी मोजते, डबी उपडी करते, हलवते, गार करते, पाजते. यात पाच मिनिटं जातात. मावशींना असं करून दिलंत तर त्या नाही म्हणणार नाहीत, कारण त्यांचं मोजायचं काम वाचतं.

मोजण्यावरून आठवलं. आमच्याकडे एका मुलाचा डबा अमेरिकेहून मामाने पाठवलेला होता. आपल्याकडे साधारण ३० मिलि पाण्याला एक सपाट चमचा असतो, त्या डब्याचा चमचा मोठा, ६० मिलिला एक. घरी आजी जुन्या सवयीने ३० ला एक घालत होत्या. मी डबा फिरवून बारीक अक्षरं वाचली तेव्हा कळलं की पोराला दुप्पट दाट दूध जातंय. शी कडक का होते याचं उत्तर तिथेच मिळालं. तेव्हापासून माझ्याकडे एका डब्याचा चमचा दुसऱ्या डब्यात गेला की मी ओरडते.

आणि चमचा सपाट म्हणजे सपाट, सुरीच्या पाठीने कापून. दाबून भरायचा नाही, शीग लावायची नाही.

नवखा_बाबा
पाणी आधी की पावडर आधी? आमच्या घरी यावर दोन पक्ष आहेत.

पाळणाघरवाली
पाणी आधी. बाटली ओट्यावर ठेवून, खाली वाकून रेघ डोळ्यांसमोर आणून बघायचं. १८० मिलि पाण्यात सहा चमचे घातले की दूध दोनशेच्या आसपास दिसतं. आधी पावडर घालून १८० च्या रेघेपर्यंत पाणी भरलंत तर पाणी कमी पडतं आणि दूध दाट होतं. पक्ष क्रमांक एक जिंकला.

मीठभाकर
आणि पावडर पुरवायची म्हणून पाणी जास्त घालतात त्याचं? आमच्या कामवाल्या ताईंच्या नातीचं तसं चाललंय. डबा परवडत नाही.

लॅबकोट
ते जास्त वाईट. पोट भरल्यासारखं दिसतं पण वजन वाढत नाही, आणि फार पातळ दिलं तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. परवडत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगायला सांग. सहा महिन्यांपुढे गाईचं-म्हशीचं उकळलेलं दूध हा पर्यायही २०२३ च्या डब्ल्यूएचओ मार्गदर्शिकेत सहा ते अकरा महिन्यांसाठी मान्य केलाय. आपल्याकडचे काही डॉक्टर वर्षाआधी मुख्य दूध म्हणून नको म्हणतात, लोहासाठी. म्हणून स्वतःच्या मनाने बदलू नये, पण विचारायला लाजू नये. महापालिकेच्या दवाखान्यात वजनही करून मिळेल.

तसंच जुलाब लागले की दूध पातळ करायचं अशी पद्धत आहे, तीही चूक. ओआरएस वेगळं, उकळून गार केलेल्या पाण्यात. दूध नेहमीच्याच प्रमाणात. ओआरएसची पुडी दुधात कालवू नका.

चहाटळ
पाण्याचं कोणीतरी बोला ना. आमच्याकडे आरओ आहे, तरी उकळायचं? की सरळ बिसलेरी?

गिरणगावकर
मी बोलतो, इमारतीच्या टाकीची कमिटी माझ्या गळ्यात आहे.

मुंबईचं पाणी भातसा, तानसा, मोडकसागर, दोन्ही वैतरणा, विहार आणि तुळशी या सात ठिकाणांहून येतं. शुद्धीकरणाचा मोठा कारखाना भांडुपला. तिथून निघतं तेव्हा चांगलंच असतं, क्लोरिन घातलेलं. भानगड पुढे आहे. पाणी ठरावीक वेळेला येतं, बाकी वेळ पाइप रिकामा, आणि जुन्या पाइपाला चीर असेल तर आजूबाजूचं आत ओढलं जातं. मग सोसायटीची जमिनीखालची टाकी, मग गच्चीवरची. आमच्या खालच्या टाकीचं झाकण उघडून बघितलं तेव्हा कडेला झुरळं होती. बाकीचं सांगत नाही, जेवणाची वेळ आहे. पावसाळ्यात महापालिका पाणी उकळून प्या म्हणते ते उगाच नाही.

आरओ किंवा यूव्हीतून पाणी स्वच्छ येतं, पण त्या यंत्राची साठवणीची टाकी आणि तोटी कोण धुतं? तेव्हा उकळायचंच. बाटलीबंद पाणीही निर्जंतुक नसतं, तेही उकळायचं.

लॅबकोट
अचूक. आणि सकाळचं उकळलेलं पाणी दिवसभर परत परत उकळत बसू नका, ताजं घ्या. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट बास.

जुनी_फार्मसिस्ट
नवखा_बाबा, तुमच्या केमिस्टला माझा नमस्कार सांगा. १ नंबरची पावडर वर्षापर्यंत चालते. ब्रिटनची आरोग्यसेवा तर स्पष्ट सांगते की सहा महिन्यांनी २ नंबरला बदलण्याचा काही फायदा दिसलेला नाही. डॉक्टरांनी २ नंबर लिहून दिला असेल आणि सोसत असेल तर ठेवा, पण ‘पुरत नाही’ हे विक्रीचं बोलणं आहे. वर्षानंतरच्या ३ आणि ४ नंबरांची गरज नाही. १२ ते २३ महिन्यांच्या बाळांसाठी डब्ल्यूएचओ साधं दूध सुचवते आणि हे ‘फॉलो-अप’ डबे नको म्हणते. घरचं जेवण, उकळलेलं दूध, पुरे.

दुकानात या डब्यांवर सूट नसते, मोफत नमुना नसतो, बाळाचं गोंडस चित्र नसतं, हे लक्षात आलंय का? १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये आणखी कडक केला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अन्नाची जाहिरातच करता येत नाही. कोणी ‘एकावर एक’ देत असेल तर तो कायदा मोडतोय, आणि तारीखही बघून घ्या.

डबा उघडल्याची तारीख मार्करने झाकणावर लिहा. साधारण महिन्याभरात संपवायचा, डब्यावर त्याहून कमी लिहिलं असेल तर तेवढ्यात. फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, दमट होतो. मुंबईच्या पावसाळ्यात ओला चमचा एकदा आत गेला की गुठळ्या झाल्याच. पावडर पाकिटातून डब्यात ओतत असाल तर जुनीवर नवी ओतू नका. आणि पाकिटाचा कागद फेकू नका, बॅच नंबर त्यावरच असतो. माल परत मागवला तर तोच शोधायला लागतो. २०२२ मध्ये अमेरिकेत असा माल परत मागवला तेव्हा लोक कचऱ्याचे डबे उपसत होते.

मीठभाकर
बाटल्या रोज उकळायच्या का अजून? सात महिन्यांचं पोर जमिनीवरची चप्पल चाटतं आणि आपण निपल उकळतोय.

लॅबकोट
चप्पल चाटतं हे खरं, पण चपलेवर दूध साचून राहत नाही.

यावर दोन मतं आहेत. सीडीसी म्हणते, दोन महिन्यांपुढच्या तब्येतीच्या बाळासाठी प्रत्येक वापरानंतर नीट घासून वाळवलं तर रोज निर्जंतुक करायची गरज नाही. ब्रिटनमध्ये वर्षापर्यंत करायला सांगतात. टाकीच्या पाण्याचं गिरणगावकरांनी सांगितलेलं वाचून मी ब्रिटनच्या बाजूने. सगळे भाग सुटे करून, साबणाने घासून, पूर्ण बुडवून १० मिनिटं उकळायचे. आणि फडक्याने पुसायचं नाही, जाळीवर निथळू द्यायचं. ओट्याचं फडकं हा घरातला सगळ्यांत मळका प्राणी आहे.

पार्लेकर_आजी
सीडीसी काय म्हणते ते म्हणो. पावसाळ्यात रोज उकळा, उन्हाळ्यात तुमची मर्जी.

लॅबकोट
आजी, उन्हाळ्यात उलट जास्त! :)

पाऊसवेडी
सगळ्यांचे खूप आभार. मावशींशी बोलले. मोजलेल्या डब्या आणि थर्मास म्हटल्यावर त्या खरंच खूश झाल्या. आता विचारते ते असं की सेंट्रलची लोकल बंद पडली आणि घरी पोचायला उशीर झाला तर? मावशींकडे जास्तीचं काय ठेवू? तयार दूध फ्रिजमध्ये ठेवायची वेळ आलीच तर कसं?

पाळणाघरवाली
जास्तीची एक पावडरची डबी ठेवाच, आठवड्याने बदला. पाणी त्या उकळून घेतील. आणि सात महिन्यांच्या मुलाला खिमट, केळं काहीही चालतं, दूधच हवं असं नाही.

लॅबकोट
फ्रिजमध्ये ठेवायचंच असेल तर ७० च्या वरच्या पाण्यात करून, नळाखाली झटकन गार करून, लगेच आतल्या बाजूला, मागच्या कप्प्यात. फ्रिज ५ अंशांच्या आत हवा. २४ तासांत संपवायचं. पाजताना गरम पाण्यात बाटली उभी करायची, १५ मिनिटांपेक्षा जास्त नाही. बाहेर काढलेलं परत आत नाही. कोमट पाण्यात कालवलेलं दूध मात्र या पद्धतीने ठेवूच नका, मूळचे जंतू जिवंत असतात.

चहाटळ
रुमाल उचलला. अवांतर : थर्मासला जुन्या चहाचा वास येतोय, तोच वापरला तर?

जुनी_फार्मसिस्ट
चहाचा चहाला ठेवा, पाण्याला वेगळा घ्या. वास जायला खायचा सोडा आणि गरम पाणी रात्रभर ठेवतात, पण झाकणाच्या रबरात राहिलेलं दूध-साखर त्याने निघत नाही. रबर निघत असेल तर काढून घासा, निघत नसेल तर बाळासाठी तो थर्मास नको.